मेरेवरची सोनूबाई

सोनूबाईने मला पहिल्याच भेटीत कानफटात मारली. मी तेव्हा सरकारी कामावर होते, गळ्यात ओळखपत्र होतं आणि वय पस्तीस होतं. शाळा सुटल्यापासून माझ्या अंगाला कोणी हात लावला नव्हता. माझा गुन्हा एवढाच, की मोजणीच्या यंत्राची तिपाई नीट बसेना म्हणून मी जमिनीत रुतलेला एक दगड पायाने वीतभर सरकवला. तो मेरेचा दगड होता. मेर म्हणजे दोन मालकांच्या जमिनींची हद्द. कोकणातल्या माणसाच्या देवाला नावं ठेवलीत तर तो एक वेळ ऐकून घेईल, पण मेरेचा दगड हलवलात तर तुमचं काही खरं नाही.

"माझ्या घोवान घातलेलो दगड तो," ती म्हणाली. "तुझ्या बापाशीचो नाय."

मी गाल धरून उभी होते. तिने वाकून दगड जागेवर बसवला, वरून पायाने दाबला आणि मग मला चहा घेणार का म्हणून विचारलं. मी तक्रार करायला हवी होती. चहा घेतला. चांगला होता, हे आणखी वाईट.

माझं नाव गंधाली. मी घाटकोपरची, नोकरी अंधेरीच्या कार्यालयात, आणि खात्याचं काम माती आणि पाणी जागच्या जागी धरून ठेवायचं. हे सांगितलं की लोक हसतात. उपनगरात माती उरलीय कुठे, म्हणतात. त्यांना मी मुलुंडच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी न्यायला तयार असते. तिथे माती आहे, आणि दर पावसाळ्यात ती कोणाच्या ना कोणाच्या घरात शिरते. ज्यांची उतारावर स्वतःच्या नावाची जमीन आहे त्यांच्यासाठी आमची योजना होती. उतारावर आडवे चर खणायचे, माती धरणारं वाळ्याचं गवत लावायचं आणि जिथे खाली घर असेल तिथे आधाराची भिंत बांधायची. दगड, सिमेंट, मजुरी सरकारची. जागा आणि सही मालकाची.

सोनूबाईच्या जागेवर भिंत हवीच होती. वर तिची तीन गुंठे जमीन, खाली दत्तारामची तीन गुंठे, आणि मधे आठ फुटांची उभी मातीची कड. कडेला भेगा पडल्या होत्या. कडेच्या पायापासून दत्तारामच्या घराची मागची भिंत सात पावलांवर. त्या घरात तो, त्याची बायको, मुलगा सुयोग आणि सून दीप्ती अशी चार माणसं राहत होती. कड आली असती तर चारही गाडली गेली असती. हे कळायला इंजिनीअर व्हावं लागत नाही.

दत्ताराम तिचा धाकटा दीर. तिचा नवरा धोंडिराम गिरणीत फिटर होता. मुलुंडला कुत्रं विचारत नव्हतं त्या काळात त्याने एका आगरी कुटुंबाकडून ही सहा गुंठे जमीन घेतली. सोनूबाई कुडाळकडून लग्न होऊन आली तेव्हा सासू आधीच वारलेली आणि दत्ताराम नऊ वर्षांचा. तिने त्याला वाढवलं, म्हणजे मारून वाढवलं. शाळा बुडवली की पळी, खोटं बोलला की काठी, ताटात टाकलं तर ताटच डोक्यात. तोही मऊ नव्हता. बाराव्या वर्षी त्याने तिच्या हाताला चावून मांसाचा तुकडा काढला, ती खूण तिने मला कौतुकाने दाखवली. धोंडिरामने जायच्या आधी मेर घालून जमिनीची वाटणी केली. वरची बाजू वहिनीला, खालची दिराला. मग मारामारीला मालकीहक्काचं कारण मिळालं.

दोन हजार पाचच्या पुरात तिच्या अंगणातलं पाणी कडेवरून उतरून दत्तारामच्या घरात कमरेइतकं भरलं. तिने मुद्दाम बांध फोडला असं त्याने धरलं. बांबू घेऊन तो वर गेला आणि तिचं मनगट मोडलं. तिने दुसऱ्या हातात कोयता घेतला आणि त्याचा डावा कान अर्धा खाली आणला. दोघेही एकाच इस्पितळात, एकाच दिवशी, दोन वेगळ्या रांगांत शिवून घ्यायला बसले होते. पोलिसांत दोन्ही तक्रारी झाल्या आणि दोन्ही मागे घेतल्या गेल्या. त्या दिवसापासून तिने त्याच्या अंगणात पाऊल टाकलं नाही आणि त्याने तिचं नाव घेतलं नाही. पुढची सगळी वर्षं नुसती शिवीगाळ आणि अधूनमधून दगड. वरून खाली दगड टाकणं सोपं असल्यामुळे त्या काळात तिची बाजू वरचढ होती.

अशा दोन माणसांची मला एकाच कागदावर सही हवी होती, कारण भिंत मेरेवर उभी राहणार होती आणि दोघांचीही हातभर जागा खाणार होती. दत्ताराम म्हणाला, ती तिची जागा देईल तर मीही देईन, पण आधी तिने सही करावी. सोनूबाई म्हणाली, आधी त्याने. डिसेंबरमध्ये मी अकरा खेपा घातल्या. शेवटी मी चिडले. दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं, की सह्या नकोत तर राहू द्या, पावसाळ्यात चार मढी काढायला मीच येईन आणि पंचनाम्यावर मात्र तुमची सही लागेल. सोनूबाई उठून माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता दुसरा गाल. तिने पेन मागितलं. दत्तारामने त्याच कागदावर सही केली, पण ते पेन हातात घेतलं नाही, घरातून स्वतःचं आणलं.

जानेवारीत भिंत सुरू झाली आणि सोनूबाई रोज त्यावर पहारा द्यायला बसली. तिचे वडील गावी गडगे घालायचे. गडगा म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडावर दगड बसवून उभी केलेली भिंत. पाणी तिच्यातून पाझरून जातं आणि भिंत जागची हलत नाही. त्यामुळे सिमेंटच्या भिंतीवर तिचा विश्वास नव्हता. पाणी जायला भिंतीत तीन ओळींत पाइप ठेवणार आहोत असं मी तिला समजावलं, तेव्हा तिने पाइप मोजून घेतले. दर दीड हातावर एक, एका ओळीत तेरा. भिंतीच्या मागच्या पोकळीत दगड भरायचे असा आमचा नकाशा होता आणि ठेकेदाराची माणसं तिथे माती लोटत होती. तिने गवंड्याच्या पाठीत काठी घातली. ठेकेदाराचा फोन आला, म्हातारीला आवरा. मी रागावून तिथे गेले, नकाशा उघडला आणि माती उपसायला लावली. तिचंच बरोबर होतं. गवंड्याची पाठ मात्र सुजली होती आणि त्याची माफी मागायची तिला गरज वाटली नाही.

"पाण्याक वाट दिलंस तर ता पाया पडान जाता," ती मला म्हणाली. "नाय दिलंस तर उरावर बसता."

एका गोष्टीत मात्र ती चुकली. तिच्या मोरीचं पाणी पन्हळीने गटारात न्यावं असं मी कागदावर लिहिलं होतं. तिने ऐकलं नाही. तिच्या अंगणात दोन माड आणि केळीचं बन होतं, आणि आंघोळीचं पाणी माडाला सोडायचं ही कोकणातली रीत. पाणी गटारात घालवायला आपण काय माजलो आहोत का, असा तिचा सवाल होता. मी वाद घातला नाही. एवढ्याशा पाण्याने भिंतीला काही होणार नव्हतं, आणि झालंही नसतं. पण ते पाणी माडाच्या मुळातून झिरपून भिंतीमागे यायचं आणि पाइपातून थेंबथेंब दत्तारामच्या अंगणात पडायचं. साबणाचा वास असलेलं, वहिनीच्या अंगावरून आलेलं पाणी. मारलेलं तो सहन करू शकत होता, हे त्याला सहन होईना.

मेच्या शेवटी मी पावसाळ्याआधीची पाहणी करायला गेले. दत्तारामने भिंतीला आपल्या बाजूने गुळगुळीत गिलावा केला होता, वर पिवळा रंग दिला होता आणि खिळे ठोकून मोगऱ्याच्या कुंड्या टांगल्या होत्या. एकही पाइप दिसत नव्हता. चिंध्या आणि सिमेंट कोंबून त्याने एकोणचाळीसही भोकं बुजवली होती.

मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही सांगा मॅडम, तिच्या मोरीचं पाणी मी माझ्या दारात घेऊ? एवढी वाईट वेळ नाय आली माझ्यावर."

पाणी तुंबलं तर भिंत तुमच्यावरच येईल, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, पाऊस लागला की उघडतो म्हणाला. मला तिथेच पहार मागवून भोकं उघडता आली असती. नोटीस काढता आली असती. निदान वर जाऊन सोनूबाईला सांगता आलं असतं, कारण तिच्या अंगणातून भिंतीची ती बाजू दिसत नव्हती आणि खाली ती पाय ठेवत नव्हती. पण तिला सांगितलं असतं तर कोयता निघाला असता, हे मला ठाऊक होतं. माझ्या वहीत त्या आठवड्यात सदतीस भिंती होत्या. डोक्यावर ऊन होतं. उघडतो म्हणालाय ना, मग सुंठीवाचून खोकला गेला, असं मी स्वतःला समजावलं आणि रकान्यात 'समाधानकारक' असं लिहून निघाले. मला माझी आजही लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, तेव्हा मला फक्त तहान लागली होती.

त्याने भोकं उघडली नाहीत.

जुलैच्या मध्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला सोनूबाईचा फोन आला. ती मला फोन करायची तो शिव्या द्यायला, म्हणून मी उचलायच्या आधी जरा थांबले. आवाज नेहमीचा नव्हता. अंगणात भिंतीला समांतर अशी लांब भेग पडली आहे, भेगेत हात जातो, भिंतीमागे पाणी उभं आहे आणि केळी तिरक्या झाल्यात, असं तिने भराभरा सांगितलं.

"भिंतीक पोट इलाहा गो," ती म्हणाली. "पाणी खंय जाता ता माका सांग."

तेव्हा मी तिला सांगितलं. मे महिन्यात सांगायचं ते जुलैत सांगितलं. मी म्हणत होते की तुम्ही घराबाहेर पडा, मी अग्निशमनला कळवते, मी निघाले. पण फोन केव्हाच बंद झाला होता. मी अग्निशमनला कळवलं, दत्तारामला फोन लावला, तो लागला नाही, सुयोगला लावला, तो गोरेगावला कामावर होता. मग रिक्षा शोधत रस्त्यात उभी राहिले. अंधेरीहून मुलुंडला पोचायला मला दोन तास लागले.

पुढचं मला दीप्तीने सांगितलं. ती मागच्या खोलीत होती आणि तिची सासू ताप आला म्हणून तिथेच कॉटवर पडली होती. दीप्तीला खिडकीतून दिसलं, की वरची मोठी आई पहार घेऊन अंगणात उभी आहे. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या बाईला या अंगणात पाहिलं नव्हतं. दत्ताराम पुढच्या दाराने धावत आला. सोनूबाई त्याला फक्त "बाजूक हो" एवढंच म्हणाली. एकोणीस वर्षांनी ती त्याच्याशी शिवीशिवाय पहिल्यांदा बोलली आणि तेही दोनच शब्द. कारण सांगायची तिची पद्धतच नव्हती. तिने भिंतीच्या कोपऱ्यापासून दीड हात मोजला आणि पहार घातली. गिलाव्याचा पोपडा उडाला, मोगऱ्याची कुंडी खाली फुटली. दुसऱ्या घावाला चिंधी आत गेली आणि तांबडं पाणी मनगटाएवढ्या धारेने बाहेर आलं.

दत्तारामला एवढंच दिसलं, की ती त्याची भिंत फोडते आहे आणि पाणी त्याच्या घराकडे सोडते आहे. दोन हजार पाचमध्ये त्याला जे वाटलं होतं ते आता डोळ्यांसमोर घडत होतं. तो बांबू आणायला गेला. दीप्ती ओरडली, पण त्या पावसात स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. सोनूबाईने पुन्हा दीड हात मोजला, दुसरं भोक पाडलं, मग तिसरं. एकाहत्तर वर्षांची बाई, मनगट एकदा मोडून वाकडं जुळलेलं, आणि पहार तिच्या खांद्याइतकी उंच. दत्तारामने तिच्या पाठीवर बांबू घातला तेव्हा ती सहाव्या भोकावर होती. दीप्ती सासूला कॉटवरून ओढून बाहेर काढून गल्लीत माणसं बोलवायला धावली. ती चार जणांना घेऊन परत आली तेव्हा भिंतीतून नऊ धारा सुटल्या होत्या आणि सोनूबाई त्या पाण्यात पालथी पडली होती. दत्ताराम बाजूला फावडं धरून उभा होता. फावड्याच्या पात्याला केस चिकटले होते.

मी पोचले तेव्हा अग्निशमनच्या माणसांनी उरलेली भोकं उघडली होती. अंगणात घोट्याइतका तांबडा चिखल होता. भिंतीला मधोमध खरोखर पोट आलं होतं, मी टेप लावला, चार इंच. पाण्याची खूण भिंतीमागे वरून दोन हातांवर होती आणि उतरत होती. माझ्या अंदाजाने संध्याकाळपर्यंत भिंत गेली असती. गेली असती तर मागच्या खोलीवर पडली असती, आणि मागच्या खोलीत त्या दुपारी दोघीजणी होत्या. भिंत अजून उभी आहे. मी तिला आतून लोखंडी आधार द्यायला लावला आहे आणि दर महिन्याला जाऊन भोकं बघते, जे मला आधी करायला हवं होतं.

सोनूबाई तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारली. शुद्धीवर आलीच नाही. तिचा मुलगा विरारहून आला होता. त्याने मला एकच विचारलं, की आई खाली उतरली कशी, ती तर मेले तरी तिथे जाणार नाही म्हणायची. मी त्याला सांगितलं. तो रडला नाही, भिंतीला टेकून खाली बसला.

दत्तारामला त्याच दुपारी पोलिसांनी नेलं होतं. ती गेल्यावर मला चौकीत बोलावलं, भिंतीची माहिती द्यायला. मी बसले होते त्याच खोलीत हवालदार त्याचा जबाब पुन्हा घेत होता. त्याने काही लपवलं नाही. बांबूचे किती, फावड्याचे किती, सगळं विचारलं तसं सांगितलं. हवालदाराने विचारलं, तिने तुझ्यावर पहार उगारली होती का, कारण उगारली असेल तर तसं लिहायला हवं, त्याने तुझ्या शिक्षेत फरक पडतो. हवालदार वाईट माणूस नव्हता, त्याला वाट काढून देत होता. दत्तारामने अर्ध्या कानावर हात ठेवला.

"नाय उगारली," तो म्हणाला. "वयनीनं आयुष्यात माझी एक चापट उधार ठेवली नव्हती. मी बांबू घातला तर तिनं मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि परत भोकात पहार घातली. हातात पहार होती साहेब, मला उभा चिरला असता. तेव्हाच मला कळलं, की ही भांडायला आलेली नाय."

मग फावडं कशाला उचललंस, असं हवालदाराने विचारलं.

"कळलं म्हणूनच," दत्ताराम म्हणाला. "माझ्या अंगणात येऊन ती माझ्यावर उपकार करून जाणार होती."

हवालदाराने हे लिहायचं कसं म्हणून माझ्याकडे पाहिलं. त्याने जसंच्या तसं लिहिलं, दत्तारामला वाचून दाखवलं आणि सही घेतली. मग कोरा कागद ओढला, माझं नाव, वय, हुद्दा लिहिला आणि विचारलं, भोकं बुजवलेली आहेत हे तुमच्या लक्षात कधी आलं. फोन आल्यावर, असं म्हटलं असतं तर कोणी तपासलं नसतं. रकान्यात 'समाधानकारक' असंच लिहिलेलं होतं. दत्ताराम बाकावरून माझ्याकडे बघत होता, आणि मे महिन्यात मी ती बुजवलेली भोकं पाहिली होती हे माहीत असलेला तो एकटाच जिवंत माणूस होता. तो काही बोलणार नाही, हेही मला दिसत होतं.

मी म्हटलं, "लिहा. एकोणपन्नास दिवस आधी."